माधुरी पुरंदरेंची पुस्तकं : आठ महिने घरात वापरल्यानंतर

जूनमध्ये शाळा सुरू होताना घेतली होती, आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणजे आठ महिने झाले आणि आता खात्रीने लिहिता येईल असं वाटतंय. लेक तिसरीत, इंग्लिश मीडियम, मराठी बोलते फाडफाड पण वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी थांबायची. धाकटा साडेचार वर्षांचा.

सुरुवात 'राधाचं घर'ने झाली, ताईने धाकट्यासाठी आणलं होतं. छोटी छोटी पुस्तकं, एकेकात घरातलं एकेक माणूस. वाक्यं अगदी आपण बोलतो तशी, आणि शेवटी 'म्हणून मुलांनो असं वागावं' वगैरे काही नाही, मला तेच सगळ्यात आवडलं. ती वाचून मग 'चित्रवाचन' मागवलं. (ऑनलाइन मागवलेलं पहिलं पुस्तक कोपरा मुडपून आलं, तेव्हापासून मी दुकानात जाऊनच घेते.)

'चित्रवाचन'मध्ये वाचायला चित्रंच आहेत, त्यामुळे आधी मला कळेना की हे वापरायचं कसं. ते कळलं सासूबाईंमुळे. त्या निफाडकडच्या, शाळा चौथीपर्यंत, गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायला कचरतात, पण हे पुस्तक मांडीवर घेऊन नातवाला विचारायला लागल्या, हा कोण रे, कुठे निघालाय, याच्या हातात काय, आणि तो डिटेक्टिव्हसारखा बोट ठेवून पुरावे शोधायला लागला. एका पानावर अर्धा तास जातो, खरंच. आणि तेवढ्या वेळात तो जे मराठी बोलतो ते कुठल्याही फ्लॅशकार्डने आलं नसतं.

आता 'लिहावे नेटके'. हे व्याकरण, शुद्धलेखन, विरामचिन्हं यांचं पुस्तक, भरपूर स्वाध्याय असलेलं. तिसरीतल्या मुलीला एकटीने करायला देऊ नका, मी पहिला महिना तसंच केलं आणि तिने ते कपाटात टाकलं, चूक माझी होती. नंतर रविवारी सकाळी मीही शेजारी वही घेऊन बसायला लागले तेव्हा गाडी चालू लागली. दूध लिहिताना दू दीर्घ पण दुधाचा लिहिताना ऱ्हस्व, फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, हे मी शाळेत पाठ केलं होतं, कधी दिसलं नव्हतं. लेकीने एकदा पॅटर्न पकडला आणि मग गंगापूर रोडवर प्रत्येक डेअरीची पाटी तपासायला लागली, 'दुध' दिसलं की स्कूटरवर मागून ओरडते. मी स्वतः ऑफिसचे मराठी मेल दोनदा वाचून पाठवते आता.

'वाचू आनंदे' बालगट आणि कुमारगट असं आहे, मराठी साहित्यातले उतारे, कविता आणि सोबत चित्रं. आमचा बालगट चालू आहे, रात्री एक उतारा, यावर इतक्यात जास्त लिहीत नाही.

मला राहून राहून वाटतं ते असं की हे सगळं एकाच बाईंनी केलंय, शिक्षण चित्रकलेचं, अनेक वर्षं फ्रेंच शिकवलं, मोठ्यांसाठी पिकासोचं चरित्र लिहिलं, आणि मुलांच्या पुस्तकांतली चित्रंही स्वतःच काढतात. २०१४ ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. परकी भाषा शिकवणाऱ्याला माहीत असतं की शिकणारा नेमका कुठे अडतो, म्हणूनच त्या मराठीसुद्धा 'हे तर येतंच' असं गृहीत धरून शिकवत नाहीत. आणि चित्रकार असल्यामुळे जे चित्रात दिसतंय ते वाक्यात पुन्हा सांगत नाहीत. व्याकरणाचं पुस्तक आणि साडेचार वर्षांच्या मुलाचं पुस्तक, दोन्हीकडे मुलाला कळेल हा विश्वास सारखाच आहे.

घ्यायची असतील तर पाचच्या आतल्यांना 'राधाचं घर' आणि 'चित्रवाचन', 'लिहावे नेटके' मूल सलग वाचायला लागल्यावर, आणि तेही तुमच्याकडे आठवड्यातला एक तास असेल तरच. आमच्या 'चित्रवाचन'चं कव्हर आता सेलोटेपवर आहे, दुसरी प्रत घेतेय, ही सासूबाई निफाडला नेणार आहेत.