प्रोजेक्टसाठी मावा पाळायचाय: हिरवा घ्यावा की काळा?

आधी एक क्लिअर करतो, हा पानटपरीवरचा मावा नाही. नाशिकमध्ये "मी मावा पाळतो" म्हटलं की समोरचा आधी माझे दात बघतो आणि मग हळूच म्हणतो, सोडून दे रे आता. तर हा पिकावरचा मावा, झाडाचा रस पिणारी बारीक कीड. दिवाळी झाली की एक-दोन ज्युनिअर हमखास विचारतात की दादा, मावा झाडावर कसा बसतो, कसा पितो, त्यात जीन्सचा म्हणजे जनुकांचा भाग किती, यावर प्रोजेक्ट करायचाय, तर नेमका कोणता मावा घेऊ. मी दोन्ही पाळलेत, दोन्हींनी रडवलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मावा म्हणजे काय, नर नसताना पिल्लं कशी होतात वगैरे तुम्हाला माहितीये असं धरून चालतोय.

रिसर्च पेपर वाचायला बसलात की पहिला भेटेल तो वाटाण्यावरचा मावा. त्याचा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण संच, २०१० मध्येच वाचून झाला, ४६४ मेगाबेसचा (म्हणजे सुमारे ४६ कोटी अक्षरांचा), ३४ हजारांवर जीन्सचा अंदाज, आणि त्याच वर्षी हेही कळलं की त्याचा लाल रंग ज्या कॅरोटिनॉइडच्या (गाजरातल्यासारख्या रंगद्रव्याच्या) जीन्समुळे येतो त्या कधीकाळी बुरशीकडून आल्यात. एवढं वाचून मी भारावलो आणि दोन हिवाळे मखमलाबाद ते गिरणारे वाटाण्याचे प्लॉट उकरत हिंडलो, पण खात्रीने तोच म्हणता येईल असा मावा मला काही मिळाला नाही. त्यामुळे तो वाचायला ठेवा. पाळायला उरतात दोन, एक मायझस पर्सिकी म्हणजे मिरची-कोबीवरचा हिरवा, आणि दुसरा एफिस क्रॅसिव्होरा म्हणजे चवळी-वालावरचा काळा चकचकीत.

बेसिक गोष्टींत दोघंही सारखेच आहेत हो. एक मादी घ्या, तिच्यापासून सगळं खानदान वाढवा, झाला तुमचा क्लोन. दोघंही सोंड पेशींच्या मधल्या जागेतून सरकवत, वाटेत पेशींना पाच-दहा सेकंदांचे टोचे मारत अन्नवाहिनीपर्यंत जातात, दोघांच्याही पोटात बुखनेरा हा जिवाणू आहे जो रसात कमी पडणारी अमिनो आम्लं बनवून देतो (त्याचा जीनोम जेमतेम ६ लाख ४० हजार बेसचा, २००० मध्येच वाचून झाला). हिरव्याचे क्रोमोसोम १२ आणि काळ्याचे ८, पण प्रोजेक्टला त्याने काही अडत नाही.

आता हिरव्याची बाजू प्रामाणिकपणे मांडतो कारण कागदावर तोच जिंकतो. ४० च्या वर कुळांतल्या ४०० हून जास्त वनस्पती खातो हा गडी, आणि मजा अशी की त्यासाठी त्याला वेगवेगळ्या जाती-उपजाती लागत नाहीत. २०१७ मध्ये त्याच्या जीनोमबरोबर जे काम आलं त्यात एकच क्लोन एका झाडावरून पार वेगळ्या कुळातल्या झाडावर टाकला, तर दोन दिवसांच्या आत जीन्सचे अख्खे गट वर-खाली झाले, त्यात कॅथेप्सिन बी नावाच्या पचनाशी जोडलेल्या एन्झाइमचे जीन्स ठळक होते. म्हणजे जीन्स त्याच, फक्त कुठल्या चालू आणि कुठल्या बंद हे बदललं. तुमचा प्रश्न "एकच जनुकसंच इतक्या झाडांवर कसा निभावतो" असा असेल तर हिरव्याला तोड नाही, हे मी काळ्याच्या बाजूचा असूनही मान्य करतो.

मीही त्याच पेपरच्या नादाने हिरव्यापासून सुरुवात केली होती. प्लॅन साधा होता, एक क्लोन, तीन झाडं (ढोबळी मिरची, कोबी, मुळा) आणि कुठल्या झाडावर किती पिल्लं होतात ते मोजायचं. रोपं कोण लावत बसणार, नाशिकला नर्सऱ्यांची काय कमी, एका नर्सरीतून ढोबळीचा अख्खा ट्रे आणला. रोपं अशी देखणी की फोटो काढावेत, मी काढलेही. शून्य नंबरच्या ब्रशने मावा उचलून पानांवर सोडला, अर्ध्या तासात सगळे शांत बसले, अँटेना मागे, म्हणजे पिणं सुरू. दुसऱ्या दिवशी बघतो तर निम्मे ट्रेमध्ये पडलेले, उरलेले पाय थरथरवत पानावर उगाच फिरतायत. तिसऱ्या दिवशी सगळं साफ. पुन्हा सोडले, पुन्हा तेच.

आणि मी काय केलं असेल? वहीत दोन पानं लिहून काढली की या ढोबळीत माव्याविरुद्ध रेझिस्टन्स आहे! खरबुजात व्हॅट नावाचा जीन मावा रोखतो, टोमॅटोत एमआय-१.२ बटाट्यावरच्या माव्याला रोखतो, दोन्ही एकाच प्रकारचे रेझिस्टन्स जीन्स आहेत, मग ढोबळीत का नसावा, असं सगळं रीतसर मांडलं. मॅडमना दाखवायच्या आदल्या दिवशी परत नर्सरीत गेलो अजून रोपं आणायला, तर तिथले काका अगदी अभिमानाने म्हणाले, "बिनधास्त ने बाळा, ड्रेंचिंग करून दिलंय, महिनाभर मावा चढणार नाही." इमिडाक्लोप्रिड, मुळाशी ओतायचं कीटकनाशक. मुळातून वर चढतं, रसात मिसळतं, आणि मावा नेमका तोच रस पितो. काकांची काही चूक नव्हती, त्यांचं गिऱ्हाईक शेतकरी आहे, मावा पाळणारा येडा नाही.

युरोपातल्या काही हिरव्या माव्यांनी यावरही उपाय काढलाय, दक्षिण फ्रान्समधल्या पीचच्या बागेत असा क्लोन सापडला की हे औषध माव्याच्या नसांतल्या ज्या प्रोटीनला चिकटतं त्या रिसेप्टरमध्येच एक अमिनो आम्ल बदललेलं, २०११ मध्ये ते छापून आलं. जुन्या औषधांसाठी तर याच माव्याने औषध निकामी करणाऱ्या एकाच एस्टरेज एन्झाइमच्या जीनच्या ८० पर्यंत कॉप्या करून ठेवल्यात. माझा क्लोन मात्र साधाभोळा निघाला.

हीच ती कटकट जिने माझ्यापुरता निकाल लावला. हिरव्याला लागणारी झाडं बिनऔषधाची मिळणं. दुसऱ्या नर्सरीत विचारलं तर "काही मारलेलं नाही" म्हणतात पण बियाणं कंपनीचं, त्याला कसलं कोटिंग आहे कोण जाणे, आणि स्वतः बी टाकून ढोबळी करायची म्हटलं तर माझी रोपं कामाची व्हायला दीड महिना गेला. सेमिस्टर किती महिन्यांचं असतं ते तुम्हीच बघा. आता कोणीतरी म्हणेल की मग किराणातली मोहरी पेर की, आठवड्यात रोप तयार. केलं तेही. हिरवा मावा मोहरीवर छान बसतो, पण आपल्याकडे थंडीत मोहरीवर तिचा स्वतःचा मावा उडत येतोच, तोही हिरवटच, आणि मग भिंगाखाली पोटामागच्या नळ्या आणि अँटेनाच्या बुडाचे उंचवटे बघत एकेक वेगळा काढत बसायचं. मी एका रात्री १८० मावे असे तपासले, क्लोन शुद्ध राहिलाय की नाही याची शेवटपर्यंत खात्री झाली नाही. बारीक जाळीचा पिंजरा चांगला शिवून घेतलात तर कदाचित जमेल, माझा ओढणीचा होता.

मग काळ्याकडे आलो, तेही कंटाळून. रविवार कारंजावरून अर्धा किलो खायची चवळी आणली, भिजवली, मोड आले, कोकोपीटमध्ये टोचली, दहा दिवसांत पहिली खरी पानं. खायचं धान्य, त्याला बियाण्याची औषधं चोपडलेली नसतात. (कृषी सेवा केंद्रातून गुलाबी रंग लावलेली चवळी आणू नका, परत त्याच भोवऱ्यात.) मावा शोधायला तर गावाबाहेरही जावं लागलं नाही, गंगापूर रोडच्या पुढे कुंपणाला गिरिपुष्प आहे त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर डिसेंबर-जानेवारीत काळा थर असतो नुसता. एक मादी, एक चवळी, आणि माझ्या खोलीत आठव्या दिवशी तिच्या मुली स्वतः पिल्लं द्यायला लागल्या.

मोजायलाही हा बरा वाटतो. हिरव्या पानावर हिरवा मावा, तोही पानाच्या खालून, म्हणजे प्रत्येक पान उलटा आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा. काळ्या माद्या शेंड्यावर लख्ख दिसतात, मोबाइलवर फोटो काढून नंतर चहा पीत मोजता येतं. पिल्लं मात्र राखाडी आणि पावडर लावल्यासारखी, ती फोटोत हरवतात, आणि गर्दी झाली की एकावर एक चढून बसतात, तेव्हा हाही काही फार गरीब नाही.

पिण्याचं वर्तन मोजायचं तर खरं यंत्र म्हणजे माव्याच्या पाठीला सोन्याची बारीक तार चिकटवून सर्किट पूर्ण करायचं, सोंड कुठल्या पेशीत आहे ते लहरींवरून कळतं, १९६४ पासून ही पद्धत आहे. आपल्या लॅबमध्ये ते कुठून येणार. आम्ही खाली फिल्टर पेपर ठेवला आणि माव्याच्या मागून पडणारे चिकट थेंब त्यावर पडले की निनहायड्रिन हे रसायन मारलं, अमिनो आम्लामुळे जांभळे ठिपके उठतात, ठिपके जास्त म्हणजे साधारणपणे पिणं जास्त. अगदी काटेकोर नाही पण व्हायव्हाला चालून गेलं. आणि हो, बसलेला मावा ओढून उचलू नका, सोंड आत तुटते, आधी ब्रशने मागून गुदगुल्या करा, तो स्वतःच सोंड काढून चालायला लागतो.

जेनेटिक्सच्या बाजूने काळा कोरडा आहे असं मलाही वाटायचं. हा बहुतेक शेंगवर्गीय झाडांवरच राहतो, हिरव्यासारखी चैन नाही. पण अमेरिकेत याच माव्यावर काम झालंय, तिथे लोकस्ट नावाच्या शेंगवर्गीय झाडावर राहणाऱ्यांच्या अंगात आर्सेनोफोनस नावाचा जास्तीचा जिवाणू सापडतो, तो असला की लोकस्टवर मावा चांगला वाढतो आणि दुसऱ्या काही झाडांवर उलट मागे पडतो. म्हणजे कुठलं झाड मानवेल हे नुसत्या माव्याच्या जीन्सवर नाही, पोटातल्या पाहुण्यावरही ठरतं. हे वाचल्यावर मी गिरिपुष्पावरचे वीस मावे चवळीवर टाकले आणि चवळीवरचे वीस गिरिपुष्पाच्या फांदीवर. पहिले वीस बहुतेक बसले, दुसऱ्यांतले निम्म्याहून जास्त रात्रभर चालत राहिले आणि सकाळी फांदीच्या बाटलीतल्या पाण्यात तरंगताना दिसले. वीसाच्या आकड्यावरून मी काही सिद्ध करत नाहीये, पण तुमच्या प्रोजेक्टचा प्रश्न इथेच पडलाय असं मला वाटतं, आणि तोही कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर.

काळ्याचा त्रास एकच मोठा, मुंग्या. हॉस्टेलच्या खोलीत कुठून कळतं त्यांना देव जाणे. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, आई लाडवाच्या डब्याखाली परातीत पाणी ठेवते तसे, तेव्हा कुठे थांबल्या. उन्हाचं म्हणाल तर मार्चच्या शेवटी माझा हिरवा आटत गेला आणि काळा एप्रिल अर्धा होईपर्यंत टिकला, अर्थात खोली वरच्या मजल्यावर होती, तुमची खाली असेल तर हिरव्यालाही एवढा फटका बसणार नाही.

तेव्हा ज्याच्याकडे नीट जाळीचा पिंजरा आहे, स्वतः बी टाकायला ऑगस्टपासून वेळ आहे आणि कुठल्या जीन्स चालू-बंद ते बघायला आरएनएचं काम करून देणारं कोणी ओळखीचं आहे, त्याने हिरवा घ्यावा, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी आज रात्री चवळी भिजत घाला. मूठभर पुरते, आमच्याकडे अर्ध्या किलोतल्या उरलेल्या चवळीची उसळ झाली होती आणि रूममेटने खाताना तीनदा विचारलं की ही त्या टेबलावरची नाही ना.