जुन्या गाडीच्या फायरवॉलमधून वायरिंग नेताना : रबरी ग्रोमेट, केबल ग्लँड की बल्कहेड कनेक्टर?

इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधला पत्रा, म्हणजे फायरवॉल, आग, पेट्रोलची वाफ, उष्णता आणि पाणी आत येऊ देत नाही. त्यातून वायरिंगचा हार्नेस (एकत्र बांधलेल्या वायरींचे जुडगे), चोकची आणि स्पीडोमीटरची केबल न्यावीच लागते, आणि प्रत्येक छिद्र हा त्या संरक्षणातला कच्चा दुवा असतो. ठाणे किंवा नवी मुंबईत प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची फियाट ११०० किंवा अँबेसेडर नव्याने उभी करणाऱ्याने हा निर्णय रंगकामाच्या आधीच घ्यावा, कारण रंग झाल्यावर पाडलेल्या छिद्राची कडा उघडी राहते आणि खाडीकडून येणाऱ्या दमट, खाऱ्या हवेत ती पहिल्याच पावसाळ्यात गंजू लागते.

पर्याय पाहण्यापूर्वी एक शिफारस आग्रहाने करतो : कारखान्याने ठेवलेली छिद्रे आधी शोधावीत. जुना सीलंट, डांबरी थर आणि गालिचा काढला की अनेकदा न वापरलेले, बुचाने बंद केलेले छिद्र सापडते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी होते आणि त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असणे, चासिस, बॉडी व इंजिनात मोठा बदल झालेला नसणे अपेक्षित आहे. एका छिद्राला कोणी मोठा बदल म्हणणार नाही, तरीही मूळपण जपायचे ठरवले असेल तर पत्रा कापण्याआधी हा विचार झालेला बरा.

रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेवर खाचेने बसणारी रबरी कडी, हा मूळ गाडीतला आणि बहुतेकांसाठी योग्य पर्याय आहे. तो स्वस्त आहे, दिसायला मूळ गाडीसारखा आहे आणि मुख्य म्हणजे हार्नेसमधल्या वायरला कोठेही जोड द्यावा लागत नाही. मात्र बाजारातला हाती लागेल तो ग्रोमेट बसवून चालत नाही. त्याच्या खाचेची रुंदी पत्र्याच्या जाडीशी जुळली पाहिजे. खाच रुंद असेल तर ग्रोमेट हलतो, हळूहळू निसटतो आणि पत्र्याची धार थेट वायरच्या आवरणावर येते. जुन्या गाड्यांत बॅटरीकडून इग्निशन स्विचकडे किंवा अँमीटरकडे जाणाऱ्या मुख्य वायरला बहुधा फ्यूज नसतो, त्यामुळे त्या वायरचे आवरण घासून ती पत्र्याला टेकली तर प्रवाह तोडणारे मधे काहीच नसते आणि वायर पेटू शकते. ग्रोमेटच्या चर्चेत पाण्यापेक्षा हा धोका मला अधिक गंभीर वाटतो, आणि कोणताही पर्याय निवडला तरी या वायरला बॅटरीजवळ फ्यूज बसवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

रबराचा प्रकारही पाहावा लागतो. नैसर्गिक रबर ओझोन आणि उष्णतेने तडकते व तेलाने फुगते. ईपीडीएम रबर उष्णता, ओझोन आणि पाणी उत्तम सोसते, पण पेट्रोल आणि तेलाला ते टिकत नाही. नायट्राइल रबर पेट्रोल आणि तेलाला टिकते, पण ओझोनने तडकते. कार्ब्युरेटरपासून दूर, वरच्या बाजूच्या छिद्राला ईपीडीएम घ्यावे. तेलाचे शिंतोडे उडतात तेथे नायट्राइल घेऊन दर काही वर्षांनी ते तपासावे. वायर आणि ग्रोमेट यांच्यातली फट भरायची असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट वापरू नये, कारण त्यातून सुटणारे आम्ल तांबे आणि पत्रा दोन्ही खाते. न्यूट्रल क्युअर प्रकारचा सिलिकॉन मागून घ्यावा.

नायलॉनची केबल ग्लँड, म्हणजे छिद्रात बसून आतल्या रबराने केबल आवळून धरणारी जोडणी, वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भे परिसरात सहज मिळते, कारण विजेची पॅनेल बनवणाऱ्यांना ती रोज लागते. तिच्यावर आयपी ६८ (धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा) असे लिहिलेले पाहून अनेक जण मूळ हार्नेससुद्धा तिच्यातून नेतात आणि तेथेच फसतात. तिचे रबर एका गोल केबलला सगळीकडून सारखे दाबते. टेप गुंडाळलेल्या सुट्या वायरींच्या जुडग्यात मात्र वायरींच्या मधल्या फटी तशाच राहतात आणि पाणी त्यांतून झिरपते. शिवाय टोकाला लावलेला कनेक्टर ग्लँडमधून जात नाही, म्हणून लग आणि टर्मिनल, म्हणजे वायरच्या टोकाचे धातूचे जोड, वायर ओवल्यानंतर क्रिम्प करावे (हत्याराने दाबून बसवावे) लागतात. फॉग लॅम्प किंवा इलेक्ट्रिक पंख्यासाठी गोल आवरणाची एखादी नवी केबल न्यायची असेल, तर तेवढ्यापुरती ग्लँड ग्रोमेटपेक्षा सरस ठरते. ती केबल घट्ट धरूनही ठेवते.

बल्कहेड कनेक्टर हा अनेक पिनांचा प्लग-सॉकेट जोड असतो. तो पत्र्यावर पक्का बसतो आणि हार्नेस दोन्ही बाजूंनी सोडवता येतो. संपूर्ण वायरिंग नव्याने बनवले जात असेल आणि इंजिन वारंवार उतरवायचे असेल, तर त्याचा खर्च सार्थकी लागतो. पण प्रत्येक पिन हा नवा जोड असतो आणि पिनची क्षमता मर्यादित असते. डॉइश या कंपनीच्या कनेक्टरमधली १६ नंबरची पिन १३ अँपिअरसाठी असते. १२ व्होल्टवर ६० वॅटच्या दोन हेडलाइटना मिळून १० अँपिअर लागतात, म्हणजे ती पिन तेथे पुरते, पण अल्टरनेटरची मुख्य वायर तिच्यातून कदापि नेऊ नये. योग्य क्रिम्पिंगचे हत्यार नसेल तर हा पर्याय सोडून द्यावा. पक्कडीने दाबलेली पिन सुरुवातीला चालते आणि पुढे दमट हवेत आतून हिरवी पडते. मूळपण जपणाऱ्या पद्मिनीत मी तो सुचवणार नाही.

चोक आणि स्पीडोमीटरच्या केबलना यांपैकी फक्त ग्रोमेटच योग्य आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून केबलला थोडी ढील आणि मोठे वळण हवे. स्पीडोमीटरची केबल तीव्र वळणावर बसवली तर काटा थरथरतो. या केबल विजेच्या वायरींसोबत एकाच छिद्रातून नेऊ नयेत.

नवे छिद्र पाडावेच लागले, तर आधी पत्र्याच्या मागे वायपरची यंत्रणा, पेडल किंवा पाइप नाही याची खात्री करून घ्यावी. स्टेप ड्रिलने छिद्र पाडून कडा कानसेने गुळगुळीत करावी, प्रायमर व रंग पूर्ण सुकू द्यावा आणि मगच ग्रोमेट बसवावा. दोन्ही बाजूंना छिद्राजवळ क्लिप लावून हार्नेस धरावा. इंजिनाच्या बाजूला वायर छिद्राच्या खाली उतरवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी छिद्रात न शिरता खालीच गळून पडते.

काम झाल्यावर रात्री इंजिनाच्या बाजूला दिवा लावून डॅशबोर्डखालून पाहावे. उजेड दिसेल तेथून वाफ आणि पाणीही येणार. त्यानंतर काचेखालच्या जाळीवर नळीने संथ पाणी सोडावे. आत ओल आलीच तर ग्रोमेटला दोष देण्याआधी त्या जाळीखालचा पाण्याचा निचरा पानांनी तुंबलेला नाही ना, हे तपासावे.