लंडनमधील ‘रूट्स अँड शूट्स’: रोपविक्रीमागची शाळा

दक्षिण लंडनमध्ये केनिंग्टन रोडला लागून वॉलनट ट्री वॉक नावाचा छोटा रस्ता आहे आणि तेथेच ‘रूट्स अँड शूट्स’ या संस्थेची बाग आहे. येथे रोपे, मध आणि सफरचंदाचा रस विकत मिळतो. मात्र ही रोपे ज्यांच्या हातून वाढतात, ते बौद्धिक अक्षमता असलेले किंवा नेहमीच्या शिक्षणव्यवस्थेत मागे पडलेले तरुण असून, बागकाम शिकून कामाला लागता यावे यासाठी ते येथे येतात. धर्मादाय काम आहे म्हणून मालाच्या दर्जाकडे कानाडोळा करावा, अशी वेळ गिऱ्हाइकावर येत नाही, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

संस्थेची सुरुवात १९८२ मध्ये ‘लेडी मार्गारेट हॉल सेटलमेंट’च्या पुढाकाराने झाली. ऑक्सफर्डमधील त्या नावाच्या महिला महाविद्यालयाने १८९७ मध्ये दक्षिण लंडनच्या लॅम्बेथ भागातील गरीब वस्तीत हे केंद्र उघडले होते. शिकलेल्यांनी वस्तीत जाऊन राहावे आणि शेजारधर्म म्हणून काम करावे, हा त्यामागचा विचार. (हाच विचार मुंबईत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’च्या रूपाने आला आणि त्याचे संस्थापक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याच नेतृत्वाखाली १९३६ मध्ये आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा पाया घातला गेला.) १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली होती. धडधाकट, शिकलेल्या मुलांनाही जेथे काम मिळत नव्हते, तेथे या मुलांना कोण विचारणार? अशा काळात नागरी संरक्षण दलाच्या एका पडीक जागेवर ही बाग उभी राहिली. पुढे लिंडा फिलिप्स यांनी दीर्घकाळ संचालकपद सांभाळून तिला आकार दिला.

या मुलांसाठी बागकामच का, याचे उत्तर वाफ्यांजवळ थोडा वेळ उभे राहिल्यावर मिळते. बी पेरणे, रोप मोठ्या कुंडीत हलवणे, छाटकलम लावणे ही कामे लहान टप्प्यांत शिकवता येतात. तीच कृती शेकडो वेळा करावी लागते, तरी ती निरर्थक वाटत नाही, आणि काम नीट झाले की नाही हे शिक्षकाआधी रोपच सांगते. मातीचे प्रमाण मोजताना गणित येते, तर गिऱ्हाइकाशी बोलताना भीड चेपते. वर्गात बसवून हे साधणे कठीण होते.

बागेतील ‘एकियम पिनिनाना’ मात्र आवर्जून पाहावे. कॅनरी बेटांवरचे हे झाड दोन-तीन वर्षे नुसती पाने वाढवते, मग माणसाच्या दुपटीहून उंच निळा तुरा काढते, बी टाकते आणि मरते. मधमाश्यांना ते फार प्रिय असल्याने येथील मध आणि हे झाड यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

एका फेरीत सगळी बाग सजवू पाहणाऱ्यांनी मोठ्या नर्सरीतच जावे. येथे जे त्या हंगामात तयार असेल, तेवढेच मिळते. सफरचंदांचा रस काढताना पाहायचा असेल, तर शरद ऋतूतील ‘ॲपल डे’ गाठावा. गर्दी नको असणाऱ्यांनी वसंताच्या अखेरीस, एकियम फुललेले असताना जावे आणि निघण्यापूर्वी बाग उघडी असल्याची खात्री करून घ्यावी.