विमानाचं तिकीट वन-वे का रिटर्न? नांदेड-लातूरकडून बाहेर निघणाऱ्यांसाठी
अमेरिका नाहीतर जर्मनीला शिकायला, नोकरीला चाललाव तर वन-वे बिनधास्त काढा, व्हिसाच लांब मुक्कामाचा असतोय, ॲडमिशनचं लेटर किंवा कामाचा करार दाखवला की सहसा विषय संपला. फक्त अमेरिकेचा एफ-1 (शिक्षणाचा व्हिसा) असंल तर आय-20 (कॉलेजनं दिलेला फॉर्म) हातातल्या बॅगेतच ठेवा, मोठ्या बॅगेत टाकून मोकळं होऊ नका, अन् कोर्स सुरू व्हायच्या 30 दिवसांहून आधी आत घेत नाहीत, म्हणून स्वस्त भेटलं की लवकरचं तिकीट काढायचं असं करू नका.

व्हिजिट व्हिसावर दुबईला जाऊन काम बघू म्हणणाऱ्यांचं गणित वेगळंय. तिथं रिटर्नच धरून चला, एंट्री नाकारली तर माणूस वापस आणायचं एअरलाइनच्या गळ्यात पडतं, म्हणून हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाच्या काउंटरवरच अडवतेत. शिवाय व्हिजिटवर काम करणं तिथं बेकायदा, एजंट काहीबी सांगू द्या. दहावी झालेली नसंल तर पासपोर्ट बहुतेक ईसीआर (कामाला जायला सरकारची परवानगी लागणारा) असतोय, मग नोकरीच्या व्हिसावर जायच्या आधी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून क्लिअरन्स घ्यावं लागतंय.

रिटर्न दरवेळी महागच असतंय असंबी नाही, दोन्हीचे रेट बघा. डमी तिकिटाच्या (नुसतं दाखवण्यापुरत्या बुकिंगच्या) भानगडीत मात्र पडू नका, पीएनआर (बुकिंग नंबर) तपासतेत.