जुलैत घेतलेली खोली एप्रिलात कळली : जळगावातले दहा महिने

खोली बघायला आलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. वरचा मजला, पश्चिमेला मोठी खिडकी, बाहेर कडुनिंब, आणि वारा असा की पप्पांची टोपी उडाली. पप्पा म्हणाले, "हवेशीर शे." झालं. त्या एका शब्दावर महिना साडेचार हजार भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट ठरलं. रूम पार्टनर आणि मी, दोघींत भाडं अर्धं अर्धं. पश्चिमेची खिडकी म्हणजे जळगावात काय असतं, हे दोंडाईच्याहून आलेल्या माणसालाही सुचू नये, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याकडे काय ऊन कमी पडतं?

आता मे चालू आहे, दहा महिने झाले. जूनपासून नवीन पोरं खोल्या शोधायला लागतील, म्हणून लिहून ठेवते.

आधी भूगोल, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. 'जळगावचं विद्यापीठ' म्हणतात, पण ते जळगावात नाही. जुने लोक अजून उमवि, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणतात, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव लागलं आहे. ते गिरणेच्या पलीकडे आहे, पूल ओलांडून बांभोरीच्या पुढे, महामार्गाला लागून. १९९० साली जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते झालं, म्हणजे तेव्हा धुळे-नंदुरबार एकच जिल्हा होता. तिन्हीकडची पोरं येतात आणि निम्मी माझ्यासारखी स्टेशनजवळ खोली घेऊन फसतात. सुरत लाईनच्या गाडीतून उतरलं की समोर शहर दिसतं, वाटतं इथेच राहावं, सगळं जवळ. सगळं जवळच असतं, फक्त विद्यापीठ नसतं.

वसतिगृहाचं विचाराल तर चूक माझीच. प्रवेशाच्या धावपळीत फॉर्मची तारीख निघून गेली. ज्यांना मिळतंय त्यांनी डोळे मिटून घ्यावं, पुढचं वाचूही नये.

मी आधी तेवीस दिवस स्टेशनच्या बाजूला एका मुलींच्या हॉस्टेलवर कॉट बेसिसवर होते. नाव लिहीत नाही. बारा पोरी, दोन बाथरूम. सकाळी बादली लाइनीत ठेवून परत झोपायचं आणि कुणीतरी आपली बादली मागे सरकवली म्हणून भांडत उठायचं. कागदावर भाड्याखाली जीएसटीची ओळ होती. माझा चुलतभाऊ एका सीएकडे कामाला आहे, तो फोनवर हसायलाच लागला. २०२४ पासून अशा खाजगी हॉस्टेलला माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत आणि सलग ९० दिवस राहणार असाल तर जीएसटी माफ आहे. मी ते सांगितलं, मॅनेजरने ओळ खोडली आणि तेवढीच रक्कम 'मेंटेनन्स' म्हणून खाली लिहिली. सोडताना एक महिन्याचं डिपॉझिट कापलं. नोटीस दिली नव्हती, म्हणून बोलता आलं नाही.

मग खोटेनगरकडे आले. शहराची ही बाजू विद्यापीठाच्या दिशेला, महामार्गाच्या कडेला. स्टेशनकडून निघालं की आकाशवाणी चौक, प्रभात चौक करत करत बाहेर पडेपर्यंतच अर्धा जीव जातो, तो इथे वाचतो. दादावाडी, खोटेनगर, गुजराल पेट्रोल पंपाची बाजू, या पट्ट्यात विद्यापीठाची आणि इंजिनिअरिंगची पोरं बरीच. त्यामुळे मेस, झेरॉक्स, रात्री उशिरा उघडा मेडिकल, सगळं आहे. जायला शेअर रिक्षा किंवा एसटी. एसटीत विद्यार्थ्यांचा मासिक पास काढला तर महिनाभराच्या तिकिटांच्या एक तृतीयांश पैशात महिना निघतो. पुलावर ट्रक बंद पडला की मात्र पास असो की रिक्षा, सगळे सारखेच. गिरणा बघत बसायचं. आणि गेटवर उतरलं म्हणजे पोहोचलो असं नाही. आत टेकड्यांवर पसरलेलं आवार आहे, डिपार्टमेंटपर्यंतचं चालणं वेगळं. प्रॅक्टिकल संपून संध्याकाळी सातला निघणाऱ्या मुलीने खोली निवडताना भाड्याआधी हे बघावं : रिक्षा जिथे सोडते तिथून खोलीपर्यंत दिवे आहेत का. आमच्या गल्लीत आहेत. शिवाय कोपऱ्यावर पीठगिरणी आहे, ती नऊपर्यंत चालू असते. गिरणीवाल्या भाऊंना माझी येण्याची वेळ माझ्या आईपेक्षा जास्त पाठ आहे.

घर एकमजली. खाली काकू-काका, मागच्या बाजूला एक खालची खोली, वर दोन. काकू भालोदच्या माहेरवाशीण, लेवा बोलीत बोलतात. मी घरी फोनवर अहिराणी बोलते. माझी रूम पार्टनर साक्रीकडची, तिची अहिराणी माझ्याहून वेगळी. पहिला आठवडाभर काकू आमच्या दाराशी उभ्या राहून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "काय वं, भांडू राह्यल्या का?" आम्ही भांडत नव्हतो, डब्यातल्या भाजीला नावं ठेवत होतो.

डब्याचं थोडक्यात : दोन वेळचे २४०० महिना, रविवारी एकच वेळ. शेवभाजी आठवड्यातून दोनदा, तर्री लाल आणि शेव आधीच भिजून लगदा झालेली. शेव वेगळी पुडीत द्या, असं सांगून बघा. आमचा डबेवाला कबूल झाला आणि तेव्हापासून भाजी खाण्यालायक झाली. रविवारी वरण-बट्टी असते, ती चांगली असते.

आता पाण्याकडे येते. जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड, पहाटे साडेचारच्या सुमारास. नळ आधी नुसता फुसफुसतो, हवा सोडतो, मग खोकल्यासारखा दोनदा पाणी टाकतो आणि मग धार लागते. त्या पहिल्या फुसफुशीला काकू उठतात, टुल्लू म्हणजे पाणी ओढायचा छोटा पंप लावतात, आणि टुल्लूची घरघर थेट आमच्या पलंगाखालून येते. ऑगस्टात मला याचा राग यायचा. एप्रिलात टुल्लूचा आवाज आला नाही की घाबरून जाग यायची.

कारण उन्हाळ्यात इथे कूलरशिवाय झोप नाही आणि कूलर पाणी पितो. ही साधी गोष्ट मी खोली घेताना जोडून बघितलीच नव्हती. ऊन वेगळं विचारलं, पाणी वेगळं विचारलं. काका म्हणाले, "टाकी हजार लिटरची आहे, कधी कमी पडत नाही." खरंच पडत नव्हती, मार्चपर्यंत. मग तीन खोल्यांत तीन पत्र्याचे कूलर लागले, एकेकाला दिवसाला चार-पाच बादल्या, आणि एका दिवसाआड भरणारी तीच टाकी दुसऱ्या दुपारी तळाला गेली. प्यायला वीस लिटरचा जार मागवतो तो वेगळा. एक दिवस तर पार्टनरने जारचं पाणी कूलरमध्ये ओतलं. मी काही बोलले नाही, कारण मीही तेच करणार होते.

खोली वरची, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब, पश्चिमेला भिंत. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं. मेच्या पहिल्या आठवड्यात पारा ४५ च्या पुढे होता. रात्री अकराला मी पलंगामागच्या भिंतीला पाठ टेकवली आणि लगेच सरळ झाले, तव्यावरून भाकरी काढल्यावर तवा असतो तशी भिंत. काळी टाकी गच्चीवरच, त्यामुळे दुपारी बाराला नळ उघडला की भातासाठी आधण ठेवल्यासारखं पाणी. आंघोळ सकाळी सहाच्या आत, नाहीतर रात्री दहानंतर. कडुनिंबाची सावली, जिच्यावर आम्ही भाळलो, ती दुपारी तीन ते सहा, नेमकी लागते तेव्हा, खिडकीवर नसते, शेजारच्यांच्या गाडीवर असते.

मार्चअखेर काकांना विचारून गच्चीवर चुना मारला. चुन्यात फेविकॉल मिसळलं, म्हणजे पाय पुसले तरी निघत नाही, आणि झाडूने दोन हात दिले. साहित्याचा खर्च सहाशे, मजुरी आमची दोघींची आणि खालच्या खोलीतल्या पोरींची. फरक पडला, पंखा गरम हवा फेकायचा तो कोमट फेकायला लागला. ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांनी हे होळीनंतर लगेच करावं, आम्हाला उशीर झाला. खिडकीला ओलं गोणपाट लावून पाहिलं, चार दिवसांत कुबट वास यायला लागला, काढून टाकलं.

लाइट बिल सबमीटरवर, काका युनिटला दहा रुपये लावतात. आमचा कूलर १८० वॉटचा. रोज बारा तास धरले तर दोन युनिटच्या वर, म्हणजे महिन्याला नुसत्या कूलरचे साडेसहाशे रुपये. त्यात कूलरचं गवत बदलायचं, एकदा मोटर जळाली तिची वाइंडिंग. जुलैत साडेचार हजाराची वाटलेली खोली मेमध्ये पावणेसहाला पडली. म्हणून खोली बघायला गेलात तर मालकाला भाडं विचारून झाल्यावर, तिथे आधी राहणाऱ्या पोरीला गाठून मे महिन्याचं बिल विचारा. आणि तिचा चेहरा बघा.

भाडेकराराची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथे बहुतेक ठिकाणी सगळं तोंडी चालतं. पार्टनर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत बसते. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाची रक्कम खात्यावर येते. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, नंदुरबारकडच्या पोरांनी ती जरूर बघावी. यांना राहण्याचा पुरावा लागतो, आणि काका करारावर सही करायला तयार नव्हते. "करार केला की घर जातं," हे त्यांचं एकच वाक्य. काकू मधे पडल्या : "लेकरांचे पैसे अडकले, करून टाका नं." शेवटी सायबर कॅफेवाल्याने समजावलं की अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइन नोंदवता येतो, घर कुठेही जात नाही. उलट महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. हे ऐकून काकांनी चष्मा काढून पुसला आणि दुसऱ्याच दिवशी आधार कार्ड घेऊन आले. योजनेचे पैसे हप्त्याने येतात, तेव्हा पहिल्या काही महिन्यांचं भाडं घरून आणायची तयारी ठेवा.

एवढी तक्रार करून मी खोली सोडली का नाही, असं कुणी विचारेल. त्याला डिसेंबर कारण आहे. थंडीत तीच पश्चिमेची भिंत गोधडीसारखी. आणि गच्चीवर भरीत. काकूंच्या भावाने बामणोदकडची हिरवी लांब वांगी पाठवली. काकांनी कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, वांगी त्यात टाकली, सालं काळी होऊन फुटली. सोलून गर लाकडी बडगीत घातला आणि काकूंनी ठेचायला घेतला. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी. मी ठेचायला हात लावला तर म्हणाल्या, "तू खा वं, तुझे हात केमिकलचे." रात्री आईचा फोन आला, "जेवनी का?" म्हटलं, जेवले. "काय?" सांगितलं, तर पलीकडे थोडा वेळ शांतताच. मग म्हणाली, "आनी पानी येस का तठे?" आईचं लक्ष नेमकं तिथेच.

गेल्या रविवारी सकाळी दहाला नवापूरकडचे एक बाबा मुलीला घेऊन आमची खोली बघायला आले. सकाळचा वारा होता, कडुनिंब मोहरलेला, मुलगी खिडकीशी उभी राहून हसत होती. काकूंसमोर काय बोलणार, मी जिन्यात गाठून हळूच म्हटलं, दुपारी तीनला परत या. आले बिचारे, घामाघूम. बाबांनी काही न बोलता पलंगामागच्या भिंतीला तळहात लावला, काढला, शर्टाला पुसला आणि काकूंना विचारलं, "खालची खोली कधी रिकामी होते?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. खालच्या पोरी परीक्षा देऊन चालल्यात, आणि त्या खोलीचे हजार रुपये मी मार्चमध्येच, गच्चीवर चुना मारला त्या संध्याकाळी, काकूंच्या हातात ठेवलेत.