चाकू गंजला नाही, तेव्हा शंका आली

मोबाइलवरची जाहिरात बघून खिशात ठेवायचा घडीचा चाकू मागवायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे १,३४९ रुपये गेले आणि बोट थोडक्यात वाचलं. रक्कम फार मोठी नाही. पण फसवायची पद्धत अशी आहे की चाकू हातात आल्यावर तुम्ही खूश होता, चार लोकांना दाखवता, आणि तेवढ्यात परत करायची मुदत निघून जाते.

आम्ही देवगडकडचे. घरात कोयता आहे, आडाळो (विळी) आहे. नारळ, फाटी (जळाऊ लाकडं), मासळी यांना तेवढं पुरतं. पण आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत सुतळी काप, पुठ्ठा काप, खताच्या गोणीची शिवण उसव, अशी बारीकसारीक कामं सारखी निघतात. कमरेच्या आकडीला कोयता लावून कोणी बाजारात किंवा बँकेत जात नाही. म्हणून खिशात मावेल असा, फार महाग नसलेला चाकू हवा होता.

जाहिरातीत सगळं होतं. डी-२ म्हणजे धार टिकवणारं पोलाद, जी-१० म्हणजे काचतंतूंच्या पदार्थाची मूठ, रॉकवेल मापावर साठच्या वर कठीणपणा, बेअरिंगवर फिरणारं पातं. ४,९९९ वर काट मारून १,३४९. पात्यावर एका नावाजलेल्या चिनी कंपनीचं चिन्ह होतं. तिचं नाव इथे देत नाही, कारण तिचा काही दोष नाही, नक्कल तिचीच झाली आहे. खाली मोठ्या अक्षरांत ‘लायसन्स लागत नाही’ असंही लिहिलेलं. जाहिरातीतली खरी निघालेली गोष्ट ती एकच. शस्त्र नियमांत परवाना लागतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना, आणि त्यातूनही घरगुती व शेतीची अवजारं वगळलेली आहेत. हे पातं साडेतीन इंचांचंही नव्हतं.

माल घरी आल्यावर पैसे द्यायचे होते, त्यामुळे निर्धास्त होतो. कुरियरवाल्याने मात्र खोका उघडू दिला नाही. ‘आधी पैसे, मग उघडा, आम्हाला तसंच सांगितलंय.’ त्याचंही बरोबर, तो बिचारा हमाल.

उघडल्यावर खरंच छान वाटलं, हे कबूल करायला हवं. काळा खोका, आत मऊ पिशवी, तेलाचा हलका वास. हातात धरलं तर वजन बेताचं. मागच्या खुंटीवर बोटाने टिचकी मारली की पातं खटकन बाहेर आणि बरोबर मधोमध. वर्तमानपत्राची पट्टी वरून खाली कापली तर आवाजसुद्धा नाही. मनगटावरचे केस निघाले. वडिलांनी हातात घेतला, उघडला, मिटला आणि म्हणाले, “बरो आसा.” ते सहसा एवढंही म्हणत नाहीत.

ह्या कागद कापण्यावर कोणी जाऊ नये, कारण सगळी मेख तिथेच आहे. कारखान्यात पट्ट्यावर घासून बाहेर पडलेलं पातं मऊ लोखंडाचं असलं तरी पहिल्या दिवशी कागद कापतंच. धार लागणं वेगळं आणि धार टिकणं वेगळं. टिकणं हे पोलादावर आणि त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कठीण कसं केलंय, यावर असतं, आणि ते खोका उघडल्यावर दिसत नाही. नकली माल करणारा पैसे घालतो ते पहिल्या दिवसाच्या देखाव्यावर.

पेट्यांचा पुठ्ठा कापायला घेतला आणि रंग उतरला. पुठ्ठ्यात बारीक कचकच असते, त्याने कुठलंही पातं हळूहळू बोथटतं, पण हे दुपारपर्यंत सुतळीवरून घसरायला लागलं. रात्री ट्यूबलाइटखाली धार वर करून धरली. चांगल्या धारेवर उजेड दिसत नाही, कारण परावर्तन व्हायला तिथे जागाच नसते. इथे टोकापासून बुडापर्यंत पांढरी रेघ चमकत होती आणि मध्ये एका ठिकाणी धार चक्क कुशीवर वळलेली. दगडावर घासली तर पाच-सात हातांत परत लागली. इतक्या पटकन धार लागते याचं कौतुक करू नये, ती जातेही तशीच.

विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर लिहिलं. उत्तर गोड होतं. “सर, डी-२ ला सेट व्हायला वेळ लागतो, थोडे दिवस वापरा, तरी नाही जमलं तर बघू.” पोलाद काही वापरून सेट होत नाही, तो नवा बूट नव्हे. पण हे उत्तर मूर्खपणाने आलेलं नव्हतं. परतीची मुदत सात दिवसांची होती आणि त्यांना तेवढे दिवस ढकलायचे होते. मुदत संपल्यावर त्याच नंबरवरून आलेलं उत्तर: “वापरलेला माल परत घेतला जात नाही.”

नकली आहे हे पक्कं कळलं ते माझ्या भाच्यामुळे. तो बोटीवर असतो, सुट्टीवर आला होता. त्याच्याकडे त्याच कंपनीचा, तोच चाकू, परदेशात घेतलेला. दोन्ही शेजारी ठेवले तर आमच्या घरात कोणालाच फरक सांगता येईना. रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे दिवस होते, म्हणून दोघांनी दोन्ही चाकू त्याच कामाला लावले आणि मुद्दाम न धुता रात्रभर पडवीत ठेवले. रातांब्याचा आंबट रस आणि वर खारं वारं. सकाळी त्याच्या पात्यावर करडे डाग आणि धारेजवळ तपकिरी ठिपके. माझं पातं आरशासारखं लख्ख. मी म्हटलं, बघ, माझाच बरा. तो हसायला लागला. “मामा, तुझा गंजला नाही म्हणजेच तो डी-२ नाही.”

कारण साधं आहे. डी-२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जखडून कठीण कण बनतात. त्या कणांमुळे धार टिकते, पण गंज अडवायला क्रोमियम कमी उरतं. म्हणून किनाऱ्यावर खरं डी-२ पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावं लागतं. स्वस्त मालात सर्रास वापरतात त्या ३सीआर१३ सारख्या पोलादात कार्बन जेमतेम ०.३ टक्के आणि क्रोमियम तेरा. जखडायला कार्बनच नाही, म्हणून जवळजवळ सगळं क्रोमियम गंज अडवत बसतं. पातं चमकत राहतं आणि धार धरत नाही. लोहचुंबक लावून बघा असं कोणी सांगेल, त्यावर विसंबू नका. दोन्ही पोलादांना चुंबक सारखाच चिकटतो.

तरी खात्री म्हणून लोहाराकडे नेला. त्याने पातं उघडून खिळीजवळचा, धार नसलेला भाग पुढे केला आणि बारीक कानस एकदा फिरवली. नीट पाणी दिलेल्या पात्यावर कानस घसरते, आवाजही कर्कश येतो. इथे ती सरळ बसली आणि त्याच्या अंगठ्यावर चंदेरी भुगा पडला. तो भुगा फुंकून म्हणाला, “हेका पाणीच नीट दिलेला नाय.” पैसे घेतले नाहीत.

बोटाचं राहिलं. ह्या चाकूला आतल्या बाजूने पत्र्याची पट्टी आहे. पातं उघडलं की ती त्याच्या बुडाखाली सरकते आणि पातं मिटू देत नाही. माझ्या चाकूत ती पट्टी बुडाला जेमतेम कडेला टेकत होती. सुंभाची गाठ सोडवताना पात्याच्या पाठीवर दाब आला, पट्टी सुटली आणि पातं मिटलं. धार बोथट होती म्हणून तर्जनीवर नुसता ओरखडा. घडीचा कुठलाही चाकू घेतलात तर आधी ही पट्टी बघा: पात्याच्या बुडाखाली निदान पाव भाग तरी आत गेलेली हवी. मग बोटं वाटेत न ठेवता पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबून बघा. मूठही खोटीच होती. जी-१० म्हणजे काचतंतूंचे थर राळेत दाबून केलेलं, तासलेल्या कडेला ते थर दिसतात. माझ्या मुठीच्या कडेला साच्याची शिवण होती, प्लॅस्टिकच्या बादलीला असते ती.

स्वस्तात चांगला चाकू मिळतच नाही असं मात्र नाही. भाच्याच्या एका मित्राकडे ओपिनेल कंपनीचा आठ नंबरचा चाकू आहे, फ्रान्सच्या सावोय भागातला, १८९० पासूनचा घाट. लाकडी मूठ, साधं पातं, आणि १९५५ पासून त्याला फिरती कडी असते ती फिरवली की पातं अडकतं. कार्बन पोलादाचा असल्यामुळे रातांब्याने काळाठिक्कर पडलाय आणि पावसाळ्यात मूठ फुगून उघडायला त्रास देतो, पण कापतो.

तक्रारीचं सांगतो. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता, कोणत्या देशात बनला ते नव्हतं, छापील किंमत नव्हती. बाहेरून आलेल्या पॅकबंद वस्तूवर हे तिन्ही असणं बंधनकारक आहे, त्यामुळे तेवढा एक फोटोसुद्धा तक्रारीत उपयोगी पडतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, तक्रार नोंदवून नंबर मिळाला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. पोच आली नाही. त्याऐवजी एका नव्याच नंबरवरून निम्मे पैसे देऊ, पण त्यांच्या जाहिरातीखाली मी लिहिलेलं काढून टाका, असा निरोप आला. काढलं नाही. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि अर्ज घरबसल्या करता येतो. अडचण आहे ती पत्त्याची: वेबसाइटवर एक नाव, कुरियरच्या पावतीवर दुसरं. पावती जपून ठेवली आहे. पैसे कुरियरने कोणाच्या तरी खात्यात भरलेच असणार, म्हणून त्यांच्याकडेही लेखी विचारणा केली आहे.

ती वेबसाइट आता उघडत नाही. पण परवा भावाच्या मोबाइलवर तोच कागद कापायचा व्हिडिओ वेगळ्या नावाखाली आला. ९९९ रुपये, पावसाळी ऑफर, परतीची मुदत पाच दिवस.