सातवीतल्या लेकीला इतिहासाच्या शिबिराला घातलं, त्याचा अनुभव

लेकीला इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करायच्या आणि पेपरात लिहून मोकळं व्हायचं एवढंच माहीत होतं. म्हणून पुण्यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी चार रविवारांचं शिबिर होतं त्यात नाव घातलं, फी १८०० रुपये, दर वेळी दोन तास. पैसे वसूल झाले हे आधीच सांगते.

चारही रविवार विषय एकच माणूस, पेशवे नारायणरावाचा काका राघोबादादा. पहिल्या दिवशी चार भिंतींवर चार कागद लावलेले, 'अगदी पटतं' पासून 'अजिबात नाही' पर्यंत, आणि फळ्यावर वाक्य, 'नारायणरावाच्या खुनाला राघोबादादाच जबाबदार'. जवळजवळ सगळी पोरं पळत 'अगदी पटतं'ला जाऊन उभी राहिली, कारण शनिवारवाडा पाहिलेला आणि 'काका मला वाचवा' लहानपणापासून ऐकलेलं. शिकवणाऱ्या ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "कशावरून?" सगळे गप्प!

मग हळूहळू एकेक गोष्ट पुढे आली. १७५८ ला अटकेपार मोहीम नेणारा हाच माणूस, ३० ऑगस्ट १७७३ ला अठरा वर्षांच्या पुतण्याला गारद्यांनी वाड्यातच मारलं तेव्हा पेशवाईवर डोळा असलेला काकाही हाच, ज्याला न्यायाधीश रामशास्त्र्यांनी तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तोही हाच, आणि १७७५ मध्ये गादीसाठी इंग्रजांशी सुरतेचा तह करून साष्टी आणि वसई द्यायला तयार झालेलाही हाच. प्रत्येक वेळी भिंत बदलायची मुभा, पण का बदलली ते मोठ्याने सांगायचं. मला हे फार म्हणजे फार आवडलं, मत बदललं म्हणून कोणी हसलं नाही.

लेकीची वही बघितली. राघोबादादाच्या बायकोबद्दल 'आनंदीबाई दुष्ट होती' असं लिहून 'दुष्ट' वर काट मारलेली आणि खाली, 'ध चा मा तिनेच केला हे कोणी पाहिलं? ही ऐकलेली गोष्ट आहे का कागदात आहे?' बारा वर्षांच्या पोरीने स्वतःहून हे विचारावं, मला खरंच भरून आलं.

आता खटकलं ते. शेवटच्या रविवारी प्रत्येकाने तीन मिनिटं आपलं मत मांडायचं होतं, पण मुलं सव्वीस, त्यात सुरुवात उशिरा, त्यामुळे शेवटच्या सहा-सात जणांना अर्धा मिनिटही मिळालं नाही. एक मुलगा घडी केलेला कागद हातात धरून तसाच घरी गेला, चार आठवडे तयारी केली होती त्याने. मत बनवायला शिकवता तर मांडायला वेळ द्यायलाच हवा ना! शिवाय जुन्या पत्रांच्या झेरॉक्स इतक्या पुसट की इंग्रजी माध्यमाच्या मुलांना वाचताच येईना.

दोन्ही गोष्टी ताईंना सांगितल्यात, त्यांनी नीट ऐकून घेतलं. पुढची बॅच पंधरा मुलांची केली तर भाच्यालाही घालणार.